पिढी म्हणजे नेमकी किती वर्षं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वंशावळ लिहिणारे, लोकसंख्येचा अभ्यास करणारे, जीवशास्त्राचे विद्यार्थी, बियाणं तयार करणारे, मोबाइल विकणारे, सगळेच "पिढी" म्हणतात. पण प्रत्येकाच्या मनात वेगळी गोष्ट असते. एकाचा आकडा दुसऱ्याच्या हिशेबात घातला की उत्तर चुकतं, आणि ते चुकलंय हे लक्षातही येत नाही. म्हणून खाली बहुतेक ठिकाणी आधी "कुठली पिढी, कुठून कुठपर्यंत" हे सांगितलं आहे आणि वर्षं त्यानंतर.

थोडक्यात आकडा सांगा ना. २५ वर्षं बरोबर आहे का?

माणसांच्या घराण्यातली पिढी विचारत असाल, तर साधारण २५ ते ३२ वर्षं. २५ हा त्यातला अगदी खालच्या टोकाचा आकडा आहे आणि तो फक्त आईकडून आईकडे मोजत गेलात तरच शोभतो. अंदाजासाठी एकच आकडा हवा असेल तर आम्ही २८ घ्यायला सांगू. "जेन झी"सारख्या नावांची पिढी १५ ते २० वर्षांची असते. पोषक द्रवात वाढणाऱ्या ई. कोलाय जीवाणूची पिढी २० मिनिटांत संपते.

एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे?

मुळात पिढी म्हणजे पायरी: आई-वडील एका पायरीवर, मुलं पुढच्या. पायरीला वर्षं नसतात. दोन पायऱ्यांमध्ये किती काळ गेला हे मोजायला लागलो की पिढीची लांबी येते. साधारण एकाच काळात जन्मलेल्या सगळ्या लोकांना आपण "आजची पिढी" म्हणतो, तेव्हा नात्याचा संबंधच उरत नाही. तिथे पिढी म्हणजे वयाचा गट. यंत्रांच्या बाबतीत पिढी म्हणजे निव्वळ क्रमांक. बहुतेक घोळ पहिल्या तीन अर्थांची सरमिसळ झाल्याने होतो.

वंशावळीत स्वतःला पहिली पिढी धरायचं की शून्य?

दोन्ही चालतं, पण वंशावळीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. स्वतःला १ धरलं तर आई-वडील २, आजी-आजोबा ३, पणजी-पणजोबा ४, खापरपणजी-खापरपणजोबा ५. शून्यापासून सुरुवात केली तर खापरपणजोबा ४ वर येतात, म्हणजे आपल्यापासून चार पायऱ्या वर.

खरी चूक भागाकारात होते. समजा एका सरळ वंशात जन्मसालं अशी आहेत: १८५२, १८७९, १९११, १९३८, १९७२. माणसं पाच, एकूण काळ १२० वर्षं. अनेक जण १२० ला ५ ने भागून २४ लिहितात. पण पाच माणसांमध्ये अंतरं चारच असतात (२७, ३२, २७ आणि ३४ वर्षं), म्हणून उत्तर ३०. ही सहा वर्षांची चूक ३०० वर्षांमागे नेलीत, तर दहाच्या जागी साडेबारा पिढ्या दिसतात, आणि मग नसलेल्या पूर्वजांचा शोध सुरू होतो.

खापरपणजोबांच्या पुढे नातं कसं लिहायचं?

तिथून पुढे नात्याचे शब्द अपुरे पडतात, तेव्हा क्रमांकाची पद्धत वापरा. जर्मन भाषेत तिला आह्नेनटाफेल म्हणतात; मिखाएल आयत्सिंगरने १५९० मध्येच ती छापली होती. नियम एवढाच: तुम्ही १. कुणाच्याही वडिलांचा क्रमांक त्या व्यक्तीच्या दुप्पट, आईचा दुपटीपेक्षा एक जास्त. त्यामुळे तुमच्याखेरीज सगळे सम क्रमांक पुरुषांचे आणि विषम स्त्रियांचे.

क्रमांक २२ घेऊ. निम्मा करत खाली या आणि अपूर्णांक सोडून द्या: २२, ११, ५, २, १. आता उलट वाचा. २ म्हणजे वडील, ५ म्हणजे वडिलांची आई, ११ म्हणजे त्या आईची आई, २२ म्हणजे त्यांचे वडील. पिढीही लगेच कळते: १६ ते ३१ हे सगळे क्रमांक पाचव्या पिढीचे, ३२ ते ६३ सहाव्या. क्रमांक देताना माहीत नसलेल्या पूर्वजाची जागा रिकामी ठेवा. ती पुढच्याला दिलीत की त्यापुढची सगळी नाती बिघडतात.

पहिलं मूल झालं तेव्हाचं आईचं वय म्हणजे पिढीची लांबी का?

नाही, आणि ही चूक छापील अहवालांतही सापडते. पिढीची लांबी काढताना सगळ्या मुलांच्या जन्मावेळचं पालकाचं सरासरी वय घेतात. एखाद्या बाईला २१, २४, २८ आणि ३५ व्या वर्षी मुलं झाली, तर तिच्या बाजूने अंतर २७ वर्षं आहे, २१ नाही. तुमचा वंश थोरल्याकडूनच उतरला असेल असं थोडंच आहे? तो धाकट्याकडूनही उतरू शकतो. म्हणून "पहिल्या बाळंतपणाचं सरासरी वय" असा तक्ता हाती आला तर तो इथे वापरू नका. "बाळंतपणाचं सरासरी वय" असा तक्ता शोधा.

आईकडून मोजलं तर पिढ्या जास्त का भरतात?

कारण मूल होताना आई सहसा बापापेक्षा लहान असते, आणि पुरुषांना उतारवयातही मुलं होतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आजच्या माणसांच्या डीएनएवरून गेल्या अडीच लाख वर्षांचा अंदाज काढला: एकूण सरासरी २६.९ वर्षं, बापाची ३०.७, आईची २३.२. याची रीत सुंदर आहे. मुलात येणारे नवे जनुकीय बदल कोणत्या प्रकारचे असतील हे मूल होतानाच्या आई-बापाच्या वयावर काही प्रमाणात ठरतं. जुन्या काळातल्या बदलांचा प्रकार पाहून त्या वेळच्या पालकांचं वय ताडता येतं.

व्यवहारात याचा अर्थ असा: फक्त बापाकडून मुलग्याकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरून पितृवंश शोधत असाल तर पिढीला ३१ च्या आसपास वर्षं धरा, फक्त आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून मातृवंश शोधत असाल तर २५ च्या आसपास. ६०० वर्षांत पहिल्या हिशेबाने १९ पिढ्या होतात, दुसऱ्याने २४.

पुतण्या काकापेक्षा मोठा असेल तर पिढी कुणाची धरायची?

पायरीची. वय बघायचंच नाही. एका जोडप्याचं थोरलं मूल त्यांच्या विसाव्या वर्षी झालं, धाकटं चाळिसाव्या वर्षी, आणि दोन्ही शाखांनी पुढे हीच सवय ठेवली, असं समजा. तीन पायऱ्यांनंतर थोरल्या शाखेत ६० वर्षं गेलेली असतात आणि धाकट्या शाखेत १२०. दोघं पणतू एकाच पिढीचे, वयात ६० वर्षांचं अंतर. संगणकावर वंशावळ ठेवत असाल तर पिढीचा रकाना जन्मसालावरून आपोआप भरू देऊ नका.

पिढी किती लांब किंवा आखूड होऊ शकते?

अमेरिकेचे दहावे अध्यक्ष जॉन टायलर १७९० मध्ये जन्मले. त्यांना १८५३ मध्ये झालेल्या मुलाला १९२८ मध्ये मुलगा झाला आणि तो नातू एकविसाव्या शतकातही हयात होता. दोन पायऱ्यांत १३८ वर्षं, म्हणजे पिढीला ६९. दुसऱ्या टोकाला, १९८९ मध्ये अमेरिकेतच एका घराण्याच्या सात पिढ्या एकाच वेळी हयात असल्याची नोंद झाली: सर्वांत थोरली बाई १०९ वर्षांची, सर्वांत धाकटं बाळ नुकतंच जन्मलेलं. सहा अंतरांत १०९ वर्षं, म्हणजे पिढीला जेमतेम १८. सरासरी आकडा एकट्या घराण्याला लावताना ही दोन टोकं डोळ्यांपुढे असू द्या.

"शंभर वर्षांत तीन पिढ्या" हे कुठून आलं?

हा ठोकताळा निदान प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसइतका जुना आहे. इजिप्तच्या पुरोहितांनी ३४१ पिढ्या सांगितल्या, तेव्हा त्याने ३०० पिढ्यांची १०,००० वर्षं धरली आणि उरलेल्या ४१ पिढ्यांची १,३४०. खरं तर त्याच्याच दराने ४१ पिढ्यांची १,३६६ हून थोडी जास्त वर्षं व्हायला हवीत. त्याच ग्रंथात लिडियाच्या राजघराण्याबद्दल मात्र तो २२ पिढ्यांत ५०५ वर्षं सांगतो, म्हणजे पिढीला २३ च्या आसपास. चौदाव्या शतकात अरब इतिहासकार इब्न खल्दूनने पिढीची ४० वर्षं धरली आणि राजघराणं सहसा तीन पिढ्यांपलीकडे टिकत नाही असं मांडलं. जुन्या ग्रंथातल्या पिढ्यांची वर्षं करायची असतील तर लेखकाने स्वतः कोणता दर धरला होता ते आधी शोधा. आपले २८ तिथे लावू नका.

दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात, मग ३० पिढ्यांपूर्वी किती?

कागदावर १,०७,३७,४१,८२४. हा काळ साधारण ८४० वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हा साऱ्या जगाची लोकसंख्या याच्या निम्मीही नव्हती. उलगडा असा की तीच माणसं वंशावळीत अनेक जागी येतात. सख्ख्या चुलत, आते किंवा मामे भावंडांचं लग्न झालं असेल तर त्यांच्या मुलाला पणजी-पणजोबा मिळून ८ ऐवजी ६ असतात. शिवाय आठ-दहा पिढ्यांमागच्या काही पूर्वजांच्या डीएनएचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. ते वंशावळीत असतात, डीएनए चाचणीत दिसत नाहीत. चाचणीत नाव जुळलं नाही म्हणून लगेच नातं खोडू नका.

मिलेनियल, जेन झी यांची सालं कोण ठरवतं?

कुणीही अधिकृतपणे ठरवत नाही. सर्वाधिक वापरली जाणारी सालं अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरची आहेत: सायलेंट १९२८ ते १९४५, बेबी बूमर १९४६ ते १९६४, जनरेशन एक्स १९६५ ते १९८०, मिलेनियल १९८१ ते १९९६, जेन झी १९९७ ते २०१२. लांबी अनुक्रमे १८, १९, १६, १६, १६ वर्षं. (१९९६ मधून १९८१ वजा करून १५ म्हणू नका; दोन्ही टोकांची सालं धरायची असतात.) जनरेशन अल्फा हे नाव रूढ करणारे ऑस्ट्रेलियाचे मार्क मॅक्रिंडल ती २०१० पासून सुरू करतात. त्यामुळे २०११ मध्ये जन्मलेलं मूल एका यादीत जेन झी आहे आणि दुसरीत अल्फा.

यातल्या फक्त बेबी बूमला मोजता येण्याजोगा आधार आहे: अमेरिकेत त्या काळात जन्म खरोखर वाढले आणि मग घटले. इतर देशांत ही लाट वेगळी होती. जपानमध्ये ज्यांना ती पिढी म्हणतात ते १९४७ ते १९४९ या तीनच वर्षांत जन्मलेले. एका देशाची सालं उचलून दुसऱ्या देशाच्या सर्वेक्षणाला लावणं ही आमच्या मते या विषयातली सर्वांत मोठी हेळसांड आहे.

मग "ही पिढी अशीच आहे" या विधानांवर विश्वास ठेवावा का?

आधी तीन गोष्टी सुट्या करा. वयाचा परिणाम: विशीतली माणसं कुठल्याही काळात नोकऱ्या जास्त बदलतात. काळाचा परिणाम: महामारी किंवा मंदी आली की सगळ्या वयांची माणसं बदलतात. आणि पिढीचा परिणाम: ठरावीक सालांत जन्मलेल्यांना आयुष्यभर चिकटून राहणारा फरक. अडचण अशी की जन्मसाल म्हणजे चालू साल वजा वय. दोन माहीत असले की तिसरं आपोआप ठरतं, म्हणून निव्वळ गणिताने हे तिन्ही परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

एकाच वर्षाच्या सर्वेक्षणात २५ आणि ५५ वर्षांच्यांची तुलना करून पिढीबद्दल काही बोलूच नये. आजच्या २५ वर्षांच्यांची तुलना ३० वर्षांपूर्वीच्या २५ वर्षांच्यांशी करा, प्रश्नाचे शब्द तेच ठेवून. इतकं करूनही काळाचा परिणाम शिल्लक राहतो, पण वयाचा तरी निघून जातो. प्यूनेही २०२३ मध्ये जाहीर केलं की अशी जुनी तुलना करता येत असेल तरच पिढ्यांची नावं वापरायची.

समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ मध्येच बजावलं होतं की एकाच साली जन्मणं पुरेसं नाही. ऐन तारुण्यात त्याच घडामोडींत सापडलेल्यांचीच खरी पिढी बनते, आणि तिच्यातही त्या घडामोडींना परस्परविरोधी प्रतिसाद देणारे गट असतात.

स्थलांतरितांमध्ये "पहिली पिढी" कोण?

बहुतेक संशोधनात परदेशात जन्मून स्वतः नव्या देशात आलेली माणसं पहिली, त्यांची तिथे जन्मलेली मुलं दुसरी. बोलण्यात मात्र काही लोक तिथे जन्मलेल्यांनाच पहिली म्हणतात, म्हणून फॉर्म भरताना व्याख्या वाचा. जपानी स्थलांतरितांकडे यासाठी स्वच्छ शब्द आहेत: आलेले ते इस्सेई, त्यांची मुलं निसेई, नातवंडं सान्सेई. लहानपणी आलेल्यांना समाजशास्त्रज्ञ रूबेन रुम्बाऊत यांनी "दीड पिढी" म्हटलं, कारण त्यांची शाळा दोन्हीकडे झालेली असते.

प्राण्यांचा पिढीकाल कसा काढतात?

एका कल्पित प्राण्याचा हिशेब करू. १०० माद्या जन्मल्या. एक वर्षाच्या वयाला ५० उरल्या, प्रत्येकीला एक मादी पिल्लू झालं: ५०. दोन वर्षांच्या वयाला ३० उरल्या, प्रत्येकी दोन: ६०. तीन वर्षांच्या वयाला १०, प्रत्येकी दोन: २०. एकूण १३० पिल्लं. आता प्रत्येक संख्येला आईच्या वयाने गुणून बेरीज करा: ५० + १२० + ६० = २३०. २३० भागिले १३० म्हणजे १.७७ वर्षं. सरळ १, २, ३ ची सरासरी काढून २ लिहिणं चूक, कारण तिसऱ्या वर्षापर्यंत फार थोड्या जगतात. नर पिल्लंही मोजलीत तर पिढीकाल तोच येईल, पण प्रत्येक मादीमागची वाढ दुप्पट दिसेल. म्हणून पिल्लं मादीच मोजायची.

काही जीवांत ही संकल्पनाच ताणली जाते. उन्हाळ्यातली मावा कीड नराशिवाय पिल्लं देते, आणि आईच्या पोटातल्या लेकीच्या पोटात नातीचा गर्भ आधीच वाढत असतो: एका कातडीत तीन पिढ्या. उत्तर अमेरिकेतली मोनार्क फुलपाखरं उन्हाळ्यात काही आठवडेच जगतात, पण शरद ऋतूत दक्षिणेला उडणारी पिढी आठ महिने तग धरते. तिथे "मोनार्कची पिढी अमुक दिवसांची" हे वाक्य ऋतू सांगितल्याशिवाय अपुरं आहे.

धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत "तीन पिढ्या" का म्हणतात?

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रेड लिस्टमध्ये संख्या किती घटली हे १० वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात पाहतात. हत्ती आणि उंदीर दोघांना एकच फूटपट्टी लावली तर हत्तीवर अन्याय होईल, म्हणून. पिढीची लांबी म्हणजे सध्याच्या पिल्लांच्या पालकांचं सरासरी वय. ते पहिल्या विणीच्या वयापेक्षा जास्तच असतं (आयुष्यात एकदाच वीण होणाऱ्या प्रजाती सोडून).

इथे चूक महागात पडते. एका प्रजातीची पिढी १५ वर्षांची आहे, ४५ वर्षांत ती ५० टक्के घटली आणि घटीचा दर सारखा होता. घटीचं कारण अजून चालू असेल तर ही "संकटग्रस्त" प्रजाती. कुणी पहिल्या विणीचं वय, ७ वर्षं, पिढी म्हणून धरलं तर तपासायचा काळ २१ वर्षांचा होतो आणि घट सुमारे २८ टक्के दिसते. सर्वांत खालच्या धोक्याच्या श्रेणीला ३० टक्के लागतात, म्हणजे या निकषावर प्रजाती यादीबाहेर. आणखी एक: शिकारीमुळे म्हातारे प्राणीच उरले नसतील तर आजचं सरासरी वय खोटं लहान दिसतं. अशा वेळी त्रास सुरू होण्यापूर्वीची लांबी घ्यायची.

जीवाणूंच्या पिढ्या कशा मोजायच्या?

शेवटची संख्या सुरुवातीच्या संख्येच्या किती पट आहे ते काढा आणि तेवढं व्हायला किती वेळा दुप्पट व्हावं लागेल ते बघा. १,००० चे १०,२४,००० झाले तर १,०२४ पट, म्हणजे १० पिढ्या. ५ तास लागले असतील तर पिढी ३० मिनिटांची. पण पहिला तास जीवाणू नव्या द्रवाशी जुळवून घेत नुसतेच पडून असतील, तर तो वगळून ४ तास धरायचे आणि उत्तर २४ मिनिटं येतं. वाढीचा आलेख काढून फक्त सरळ चढणारा भाग मोजा. २० मिनिटांचा दर दिवसभर टिकला असता तर एका ई. कोलायपासून २४ तासांत सुमारे ४,७०० टन जीवाणू झाले असते. अन्न त्याच्या फार आधी संपतं.

रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात ई. कोलायच्या १२ वसाहती रोज १०० पट पातळ करून ताज्या द्रवात टाकतात. त्या पुन्हा १०० पट वाढतात, म्हणजे रोज ६.६४ पिढ्या. वर्षाला २,४०० हून जास्त. माणसांना तितक्या पिढ्यांना ६५,००० वर्षं लागतील.

बियाण्याच्या पाकिटावर एफ-१ असतं, ते काय?

दोन शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी. तिची सगळी रोपं सारखी निघतात. तिचंच बी राखून पेरलं की एफ-२ येते आणि त्यात आजी-आजोबांचे गुण सुटे होऊन रोपं उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी विखुरतात. बी खराब झालेलं नसतं. स्वपरागणाने पुढे गेल्यास दर पिढीला मिश्र जनुकजोड्या (ज्यांत दोन पालकांकडून वेगवेगळी रूपं आलेली असतात) निम्म्या होतात: एफ-२ मध्ये ५० टक्के, एफ-३ मध्ये २५, एफ-६ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच स्थिर वाण हाती यायला पाच-सहा पिढ्या लागतात. दिवसाला २२ तास प्रकाश देऊन गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत घेता येतात.

साथीच्या बातमीतली "संसर्गाची पिढी" कशी मोजतात?

एकाला लागण झाल्यापासून त्याच्याकडून दुसऱ्याला लागण होईपर्यंतचा काळ. लागणीचा क्षण सहसा कळत नाही, म्हणून पहिल्याच्या लक्षणांपासून दुसऱ्याच्या लक्षणांपर्यंत मोजतात. गोवरात हे अंतर ११-१२ दिवसांचं असतं. दोन्ही मापं एक नव्हेत. कोविडमध्ये लक्षणांआधीच संसर्ग होत असल्याने काही जोड्यांत दुसरं माप उणे आलं, म्हणजे ज्याला नंतर लागण झाली त्याला लक्षणं आधी दिसली.

४जी, ५जी यांतली पिढीही अशीच का?

तिथे जी म्हणजे जनरेशनच, पण ना आई ना मूल, फक्त तांत्रिक मानकांचा क्रम. १जी १९७९ मध्ये टोकियोत, २जी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये, ३जी २००१ मध्ये पुन्हा जपानमध्ये, ४जी २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ओस्लोत, ५जी २०१९ मध्ये सुरू झालं. अंतर दहा वर्षांच्या आसपास पडतं, कारण नवं मानक ठरवणं, लहरींचं वाटप आणि मनोरे उभारणं याला तेवढा वेळ जातो. इथे जुनी पिढी नवी आल्यावर लगेच संपत नाही. कित्येक देशांत ३जी बंद झालं तेव्हा २जी अजून चालू होतं.